मढवलेली पदवी

"हे उघडाले आनलं?"

सैफुद्दीनचाचांनी फ्रेम हातात तोलली, आणि प्रश्न मला विचारायचा सोडून माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, विचारला. "धुरपताबाई, मढवलेली चीज कोनी उघडते का? उद्या म्हनसान, लगन लागून गेलं, आता अक्षता येचून वापस द्या."

"मी नाई म्हनत बाप्पा," आत्याबाईंनी हात झटकले. "ही म्हनते. शिकलेली हाय. तिलेच इचारा."

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडेवर रुचिका होती, तिच्या मुठीत टेबलावरून उचललेला पितळी हूक होता आणि तो तोंडाकडे निघाला होता. मी आधी तो काढून घेतला. शिकलेल्या बाईचा अर्धा दिवस हल्ली यातच जातो.

"चाचा, परवा वाशिमले मुलाखत हाय माझी," मी म्हणाले. "शाळेत विज्ञान शिकवायची जागा हाय. मूळ डिग्री दाखवा लागते."

"झेरॉक्स?"

"चालत नाई म्हणे."

"मंग फ्रेमीसकट घेऊन जाय. काचेतून दिसून तर राह्यली."

"हेच मी म्हनलं!" आत्याबाई पुढे सरसावल्या. "साहेबापुढं अशी दोन हातानं धरायची. त्याच्या टेबलावर मावते का नाई तेवढं पाह्यचं."

टेबलावर ती मावली नसती. पंजाएवढी रुंद सोनेरी पट्टी, तिच्यावर द्राक्षांचे घोस, चार कोपऱ्यांत चार कमळं. ही पट्टी चाचा एरवी देवांसाठी आणि आमदारांसाठी काढतात. तिच्या मधोमध, एखाद्या संस्थानिकाच्या महालात भाडेकरू राहावा तशी, माझी बी.एस्सी.ची पदवी होती. जीपमध्ये ती आत्याबाईंच्या मांडीवर बसून आली होती, गोधडीत गुंडाळून. रुचिका माझ्या मांडीवर नुसत्या दुपट्यात होती.

ती तिथे गेली कशी, हे सांगायला हवं. मी नवी सून होते, पदवी हातात आली, मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली. आत्याबाईंना ती सापडली. "कागद पेटीतच ठेवायचा होता, त शिकली कायले?" असं म्हणून त्यांनी ती उचलली आणि एकट्याच रिसोडला येऊन चाचांना म्हणाल्या, देवावानी मढवा. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी मिळतं, मग पदवी दाखवतात आणि मग चहा. दसऱ्याला शस्त्रं आणि वह्या-पुस्तकांबरोबर तिलाही कुंकवाचं बोट लागतं. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीवर माझं नाव आहे ते त्यांना ठाऊक आहे. काचेवर त्या जागी त्यांच्या बोटाचा डाग पडला आहे.

भिंतीवर ती पाहून मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. नोकरीचं नाव कोणी काढत नव्हतं. पदवी भिंतीवर होती, मी चुलीपाशी होते, दोघीही आपापल्या जागी पक्क्या होतो. मग शाळेची जाहिरात आली. राजपाल म्हणाला, "चार खिळे तर हायेत. सैफुचाचा अर्ध्या घंट्यात काढून देतीन." नवरे लोकांना सगळंच अर्ध्या तासात होतं असं वाटतं. आम्हाला दुकानापाशी उतरवून तो जीप घेऊन पुढच्या फेरीला निघूनही गेला.

चाचांनी टेबलावर जुनी चादर पसरली आणि फ्रेम पालथी घातली. हा माणूस हातांनी काम करतो तेव्हा तोंडानेही करतो.

"काच खाली करून उघड्या टेबलावर कधी ठेवू नये. एक खडा असला का झालं, चरा पडला. आता हा मांगचा खाकी कागद पाह्य. लोक म्हनतात, मांगं कोन पाह्यते, कायले लावता? मांगं मानूस नाई पाह्यत, कसर पाह्यते."

"कसर म्हणजे ते चंदेरी किडे ना? कागद खाणारे?"

"हौ. ते आले का डिगरी अन् रद्दी त्यायले एकच."

त्यांनी खाकी कागद कापला. मग पकडीने खिळे काढून ते एका वाटीत टाकू लागले. मी रुचिकाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाटीवर कान ठेवला. खिळा वाटीत पडला की टण्ण आवाज यायचा, माझा जीव खाली बसायचा. एकदा टण्ण आला नाही. चाचा पुढचा खिळा उपटत होते, त्यांना पत्ताच नव्हता. मी वाकले, टेबलाच्या पायाशी खिळा सापडला, तो मीच वाटीत टाकला. वाटी त्यांच्या हातापासून वीतभरही लांब नव्हती. पण मला त्या वेळी काचा, पाती, पकड आणि उघड्या वायरी एवढ्या गोष्टींवर नजर ठेवायची होती की या गोष्टीचा मी विचार केला नाही.

"आता कोपरा पाह्य," चाचा म्हणाले. त्यांनी माझं बोट धरून कमळाच्या खालच्या सांध्यावरून फिरवलं. "नख घाल."

नख जाईना.

"नाई जात. कधी जानार नाई. अन् ते बाजारात फायबरच्या फ्रेमी येऊन राह्यल्या, त्यायचा कोपरा म्हंजे नवरा-बायकोचं भांडन. बाहेरून बंद, आतून उघडं."

"आपल्या घरी उलटं हाय," पडद्यामागून आवाज आला. "आतून बंद, बाहेरून साऱ्या बजाराले ऐकू जाते."

दुकानाच्या मागच्या बाजूला फुलाफुलांचा पडदा होता, त्यामागे त्यांचं घर. तो आवाज सरवरीचाचीचा. मी दुकानात आले की चाचांचं प्रत्येक मत आधी इकडे पडतं आणि मग पडद्यामागून त्याला उत्तर येतं. चाची सहसा दिसत नाही.

चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मागचं पातळ फळकूट निघालं. आता पदवी पुठ्ठ्यावरून अलगद उचलायची एवढंच राहिलं, असं मला वाटलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेला नख लावलं आणि थांबले.

"चिकटवेल हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे खळ लावून पुऱ्या अंगानं चिकटवेल हाय. मी कधीच चिकटवत नसतो. कागदाले हालाले लागते बेटी. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. चिकटवला का गुदमरते. साऱ्या रिसोडात इचार, सैफुद्दीन कागद चिकटवते का."

"मंग हा कोनं चिकटवला?" पडद्याने विचारलं. "फरिश्त्यानं?"

चाचांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी छताकडे पाहिलं.

"मीच म्हनलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "आमच्या बुवाच्या फोटोचं काय झालं, ठावं नाई का तुमाले?"

चाचांना ठाऊक नव्हतं, पण मला होतं. मामंजींचा फोटो दुसरीकडे कुठेतरी जत्रेत मढवलेला. फोटोभोवती खिडकी कापलेला पांढरा पुठ्ठा लावतात, त्याला माऊंट म्हणतात. त्या खिडकीमागे मामंजी नुसते एका चिकटपट्टीच्या भरवशावर उभे होते. पट्टी सुटली, आणि ते दरवर्षी थोडे थोडे खाली जाऊ लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची हनुवटी माऊंटखाली गेलेली होती. रुचिका झाली त्या वर्षी मिशी गेली. आता नुसते डोळे वर राहिले आहेत. कुंपणावरून कोणी शेजारच्या वावरात डोकावावं, तसे ते घरात पाहत असतात.

"मंग तो दुरुस्त कराले आनत जा ना," चाचा म्हणाले.

"जिते होते तवा कोनाच्या अडवण्यानं थांबले नाईत. आता काय थांबतीन?" आत्याबाई म्हणाल्या. "म्हून म्हनलं, सुनेची डिगरी घसरली नाई पायजे. पक्की करा. एक डाव वर गेलेली चीज खाली येऊ नये."

मी रुचिकाच्या केसांतून हात फिरवत राहिले. आपली पदवी चुकूनही खाली उतरू नये म्हणून ज्या बाईने ती चिकटवून घेतली, तिच्यावर रागवायचं कसं, हे मला कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"निघन का, चाचा?" मी विचारलं. "परवा सकाळी जायचं हाय. नाई निघाली त..."

"निघन. काहून नाई निघनार?" ते म्हणाले. पण त्यांनी ते पदवीला सांगितल्यासारखं सांगितलं.

मी पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यातून पदवी सोलायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापटच मारली. "कागद पुठ्ठ्यावरून नाई काढायचा! फाटन. पुठ्ठा कागदावरून काढायचा."

मला आधी हा नुसता शब्दांचा खेळ वाटला. मग त्यांनी करून दाखवलं. पदवी स्वच्छ कागदावर पालथी घातली, पाठीवर ओलं फडकं पिळून पसरलं. पुठ्ठा भिजू लागला. मग पातळ पात्याने त्यांनी पुठ्ठ्याचा वरचा थर उचलला, दोन बोटांत धरला आणि कांद्याचा पापुद्रा काढावा तसा ओढला. त्याखाली दुसरा थर. पुन्हा फडकं, पुन्हा पातं.

"शाई पसरन ना पाण्यानं?" मी विचारलं. "कुलगुरूंची सही हाय खाली."

"छापील हाय. तुह्या कुलगुरूनं काय एकेकीसाठी बसून सही केली असन?"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांची आजवर तीच समजूत होती.

"खळीत काय घालता?" मी पुन्हा विचारलं. कारण रुचिकाने काढलेल्या पापुद्र्याचा एक तुकडा पळवला होता आणि तो मी तिच्या गालातून बोटाने उकरून काढत होते.

"मैदा. अन् किड्यायसाठी मोरचूद."

"मोरचूद! चाचा, ते कॉपर सल्फेट असते! विष हाय ते!"

"किड्यासाठी."

"लेकरांसाठी बी!" मी रुचिकाचं तोंड उघडून आत पाहिलं, ओढणीच्या टोकाने जीभ पुसली. तिने भोकाड पसरलं. बी.एस्सी.च्या सगळ्या अभ्यासाचा मला संसारात झालेला उपयोग म्हणजे कशाकशाला घाबरायचं हे नावानिशी कळतं.

"पोट्टीले इकडं दे," आत्याबाई म्हणाल्या. "राजपालनं लहानपनी खत चाटलं होतं. आज जीप चालवून राह्यला."

चाचीने पडद्याआडून चहा पुढे केला. फक्त हात आला, बांगड्यांचा आवाज आला आणि हात मागे गेला. रुचिका आत्याबाईंच्या मांडीवर निवांत झाली. बशीत चहा ओतता ओतता आत्याबाईंनी मनातली गोष्ट काढली.

"सैफुभाऊ, एवढी मोठी फ्रेम रिकामी झाली. भिंतीवर आता काय लावू?"

"हिच्या डिगरीची रंगीत झेरॉक्स काढून आना. तीच बसवून देतो. कोनाले कळन?"

"मले कळन ना." आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "झेरॉक्सले कुकू लावू का मी? उद्या म्हनसान, फोटोतल्या गाईले चारा टाका."

"मंग आमदाराचा फोटो लावा. पट्टी त्यायचीच हाय."

"आमदार पाच वर्षांत बदलते. दर खेपेले तुमच्याकडं येऊ का?"

चाचा हसले आणि हसता हसता शेवटच्या थराला भिडले.

आता पुठ्ठा संपला होता. पदवीच्या पाठीवर एक करडा, चिकट, ओला पापुद्रा तेवढा उरला होता. तो आणि कागद यांतला फरक मला वाकून पाहूनच कळत होता. चाचा मात्र वाकले नाहीत. त्यांनी आधी डाव्या हाताने टेबल चाचपलं. पातं त्यांच्या पुढ्यातच होतं, तरी बोटं दोनदा त्याच्या बाजूने गेली. मग पातं सापडलं. त्यांनी ते कडेला लावलं.

या वेळी मी पात्याकडे पाहत नव्हते, त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. बुबुळांवर पातळ दुधासारखं काही होतं. ते कागदाकडे पाहत होते, पण नजर कागदाच्या थोडी अलीकडेच थांबत होती.

"चाचा," मी म्हणाले, "जरा..."

चर्र.

आवाज अगदी बारीक होता. खालचा उजवा कोपरा, नक्षीच्या वेलासकट, पात्याबरोबर वर आला.

अक्षर एकही गेलं नव्हतं. पुढे वाशिमला कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "उंदीर का?" मी म्हटलं, "हो, उंदीरच." आमच्या घरातल्या उंदरांना तेवढा आळ जड नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं: उरलेला सगळा कागद त्याच पापुद्र्याखाली होता, माझं नाव, श्रेणी, वर्ष, आणि पातं अजून त्याच हातात होतं.

चाचा काही बोलले नाहीत. काच, खिळे, फायबर, नवरा-बायको, कशावरच काही नाही. त्यांनी फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग पातं टेबलावर ठेवलं आणि मान वर करून दिव्याकडे पाहिलं.

"उजेड कमी हाय," ते म्हणाले.

बाहेर एप्रिलची भर दुपार होती. समोरच्या दुकानाच्या पत्र्यावरून ऊन उसळून थेट आमच्या टेबलावर पडत होतं. रुचिकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आत्याबाईंनी तिच्या चेहऱ्यावर पदर धरला होता.

पडदा बाजूला झाला. सरवरीचाची बाहेर आली, कणकेचे हात ओढणीला पुसत. तिने टेबलाकडे पाहिलं, फाटक्या कोपऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. पडद्यामागून कुठल्याही मताला उत्तर देणारी ती बाई उभी राहिली नुसती. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. सत्य बोलावं तर वाईट, खोटं बोलावं तर ऊन डोळ्यात जात होतं.

आणि आमच्या आत्याबाई. डॉक्टरला नळी कशी धरायची ते सांगणाऱ्या, भटजीच्या मंत्रात चूक काढणाऱ्या, जन्मात कोणाला सूट न देणाऱ्या. त्यांनी दारातल्या उन्हाकडे पाहिलं. डोळे बारीक केले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "उजेड कमीच हाय. मले बी मघापासून दिसून नाई राह्यलं."

चाची चाचांच्या शेजारी स्टुलावर बसली. "बॅटरी धरा तुमी," ती म्हणाली. "मी पाह्यतो, निघते का."

चाचांनी खिशातून मोबाईल काढला. बॅटरीचं बटण त्यांना सापडेना, ते मी लावून दिलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी कागदावर धरला.

चाचीने फडकं नव्याने भिजवलं, पिळलं, ठेवलं, थोडी वाट पाहिली. पातं तिच्या बोटांत असं बसलं की ते काही आज पहिल्यांदा बसत नव्हतं, हे दिसत होतं. चेहरा कागदाच्या इतका जवळ नेऊन ती काम करत होती की तिचा श्वास कागदावर उमटत असावा. पापुद्रा एका बाजूने सुटू लागला. ती डावीकडे सरकली की चाचांचा हात डावीकडे सरके, ती थांबली की थांबे. अलीकडे या दुकानातले कोपरे कोण जुळवतं, हे मी विचारलं नाही.

"बिस्मिल्ला," ती एकदाच पुटपुटली, आणि शेवटचा पापुद्रा अखंड निघून आला.

ओल्या कापसाने तिने राहिलेली खळ टिपली. पदवी उलटी केली. माझं नाव वर आलं. आत्याबाईंनी पुढे होऊन बोट नेलं, बरोबर त्या ओळीपर्यंत, आणि आता मध्ये काच नाही हे लक्षात येऊन ते हवेतच थांबवलं.

"ओली हाय," चाची म्हणाली. "दोन कोऱ्या कागदात ठेवा. वरून वजन. सांजपर्यंत सुकते."

"हिले नोकरी लागली का तिचा बी कागद येईन ना?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग तोच मढवू फ्रेमीत."

"चिकटवायचा नाई!" मी आणि चाची एकदम म्हणालो.

काम संपलं होतं. चाची उठून पातं पुसत होती, आत्याबाई गोधडी झटकत होत्या, रस्त्यावर राजपालच्या जीपचा हॉर्न वाजत होता. चाचा मात्र तसेच बसून होते, मोबाईल दोन्ही हातांत, टेबलावर जिथे मघा कागद होता त्या जागेवर धरलेला. एवढ्या उन्हात त्या बॅटरीचा उजेड दिसतही नव्हता. ती बंद करा असं त्यांना आमच्यापैकी कोणीही म्हटलं नाही.